वैरण, अवर्षण आणि मुळांचे अदृश्य बलुतेदार

अवर्षणाचा घाव धान्याच्या कणगीआधीं गोठ्यांतील गव्हाणीवर पडतो, हें वऱ्हाडांतील जाणत्या शेतकऱ्यास सांगावयास नको. धान्य शंभर कोसांवरून आगगाडीनें आणतां येतें, सरकारी दुकानांतून मिळूं शकतें. परंतु कडबा हा आकारानें मोठा, वजनानें हलका व वाहतुकीस महाग असा माल असल्यामुळें तो ज्याच्या त्याच्या शिवारांतच पिकावा लागतो. १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांत माणसांबरोबर गुरांचाही मोठा संहार झाला. १९७२ सालीं महाराष्ट्रभर तोच प्रसंग आला. २०१८ सालीं सरकारनें राज्यांतील १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील कित्येक तालुके होते. आणि २०२३ सालीं जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत बुलढाणा व लोणार या दोहोंचीं नांवें होतीं. अशा वर्षीं बाजारांत उभ्या केलेल्या बैलजोडीस काय किंमत येते, आणि पुढील मृगावर तसलीच जोडी परत घ्यावयाची झाल्यास काय मोजावें लागतें, हा हिशेब आमच्या वाचकांनीं स्वतःच मांडून पाहावा. वैरणीच्या एका गंजीची खरी किंमत त्या दोन आंकड्यांच्या अंतरांत आहे.

वैरणीचा हा तुटवडा केवळ पावसाच्या लहरीमुळें उत्पन्न झाला असें मात्र नाहीं. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा असो, कीं घाटाखालील मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव असो, दोहींकडे पूर्वीं कपाशी व ज्वारी यांची फेरपालट होती. ज्वारी म्हणजे घरांत भाकरी आणि गोठ्यांत कडबा, असें तें दुहेरी उत्पन्न होतें. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीननें ज्वारीची बरीचशी जागा घेतली. सोयाबीनच्या पैशाची निंदा करण्याचें कारण नाहीं. परंतु त्याचें कुटार कडब्याची बरोबरी करीत नाहीं, हें जनावर स्वतःच गव्हाणींत सांगतें. गांवच्या ई-वर्गाच्या जमिनींवरील गवतही बहुतेक ठिकाणीं विरळ झालें आहे. तेव्हां थोड्या जमिनींत, थोड्या पावसावर, अधिक भरंवशाची वैरण कशी पिकेल, हा आजचा प्रश्न आहे. सुधारलेलें बियाणें, समपातळींतील बांध, शेततळें हीं त्याचीं उत्तरें आमच्या वाचकांस परिचित आहेत. या लेखांत आम्ही अशा एका साहाय्यकाची ओळख करून देणार आहों, जो आपल्या शेतांत पिढ्यान् पिढ्या फुकट राबत आला, आणि ज्यास आपण न कळत पुष्कळदां हांकलून देतों. हा साहाय्यक म्हणजे पिकांच्या मुळांत राहणारी एक बुरशी होय.

ही बुरशी कोणती?

बुरशी हा शब्द उच्चारतांच शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढें ज्वारीची काणी, गव्हाचा तांबेरा व तुरीची मर हेच रोग उभे राहतात. बुरशी म्हणजे शत्रु ही समजूत त्यामुळें दृढ झाली आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. जमिनींत बुरशीच्या अगणित जाती आहेत. त्यांपैकीं कांहीं मुळें कुजवितात, कांहीं काडीकचऱ्याचें खत करितात, आणि कांहीं जिवंत मुळाशीं भागीदारी करून राहतात. या तिसऱ्या प्रकारच्या जोडीस १८८५ सालीं आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें ‘मायकोरायझा’ असें नांव दिलें; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ ‘बुरशी-मूळ’ इतकाच होतो. फ्रांक यानें वर्णिलेली बुरशी अरण्यांतील मोठ्या वृक्षांच्या मुळांवर बाहेरून म्यानासारखें वेष्टण घालणारी होती. आपल्या शेतांतील पिकांची बुरशी निराळी आहे. ती मुळाच्या आंत शिरून राहते व नुसत्या डोळ्यांस मुळीच दिसत नाहीं. पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेंत पूर्वीं बुरशीशास्त्राचे प्रमुख राहिलेले एडविन जॉन बटलर यांनीं १९३९ सालीं या आंतील बुरशीवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला होता. स्कॉटलंडांतील रायनी या गांवच्या खडकांत सांपडलेल्या, सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वींच्या वनस्पतींच्या अवशेषांतही तिच्या खुणा मिळाल्या आहेत; म्हणजे वनस्पतींनीं जमिनीवर पाय रोवला तेव्हांपासूनची ही सोबत आहे. या लेखांत आम्ही तिला मूळबुरशी म्हणूं. खतांच्या दुकानांत ती मायकोरायझा याच नांवानें विकली जाते. गांठींतील रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जीवाणू यांहून ही वस्तु अगदीं वेगळी आहे, हेंही येथें ध्यानांत ठेवावें.

तिचें काम कसें चालतें तें पाहूं. मूळबुरशीचे धागे कोंवळ्या मुळाची साल भेदून आंतील पेशींत शिरतात व तेथें लहानशा झुडुपासारख्या फांद्या पसरतात; देवघेव होण्याची ही जागा. त्याच धाग्यांचें दुसरें टोंक मुळाबाहेर मातींत दूरवर जातें. धाग्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते दहा पट इतकीच असल्यामुळें, जेथें मूळ किंवा मुळावरील लवही शिरूं शकत नाहीं अशा मातीच्या बारीक छिद्रांत तो सहज शिरतो. स्फुरद हें द्रव्य मातींत जवळजवळ हलत नाहीं. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तर तें चुन्याशीं बांधलें जातें. मूळ आपल्या अगदीं लगतचें स्फुरद उचलतें आणि त्यापुढें उपाशी राहतें. बुरशीचे धागे त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जाऊन स्फुरद, तसेंच जस्त, मुळास आणून देतात.

आमच्या जुन्या गांवगाड्यांत सुतार-लोहारानें वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करून द्यावयाचे आणि खळ्यावर रास पडली कीं आपलें बलुतें न्यावयाचें, अशी रीत होती. मूळबुरशी व पीक यांचा व्यवहार तसाच आहे. पीक सूर्यप्रकाशांत जें अन्न तयार करितें त्याचा सुमारें ४ पासून २० टक्क्यांपर्यंतचा वांटा या बलुतेदारास द्यावा लागतो. तो साखरेच्या रूपानें जातो. आणि २०१७ सालीं असेंही सिद्ध झालें कीं, या बुरशीस स्निग्ध पदार्थ स्वतः बनवितां येत नसल्यामुळें तेही ती पिकाकडूनच घेते. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, जिवंत मुळावांचून ही बुरशी वाढूं शकत नाहीं. नुसत्या शेणावर किंवा पाल्यापाचोळ्यावर ती पोसली जात नाहीं. दुसरी ही कीं, जमिनींत स्फुरद मुबलक असलें तर पिकास या बलुतेदाराची गरज उरत नाहीं, आणि तें त्याचें बलुतें कमी करितें.

पाऊस उघडल्यावर ती काय करिते?

मूळबुरशी पाऊस पाडीत नाहीं, व जमिनींतील ओल सर्वस्वीं संपली म्हणजे तीही निरुपाय होते. तिचा उपयोग मधल्या काळांत आहे. म्हणजे पंधरा-वीस दिवसांचा खंड पडून दुपारीं ज्वारीचीं पानें सुरळी होऊं लागतात, परंतु जमिनींत कांहीं ओल अद्याप शिल्लक असते, त्या काळांत. आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळशीं वर्षें या मधल्या काळावरच तरतात किंवा बुडतात.

हा उपयोग चार प्रकारांनीं होतो. पहिला प्रकार असा कीं, खंड पडण्यापूर्वींच पिकास स्फुरद बरें मिळाल्यानें मुळें अधिक व खोल जातात. पुढें माती वाळूं लागली म्हणजे स्फुरदाची आधींच मंद असलेली हालचाल आणखी मंदावते, तेव्हां तर धाग्यांचें मोल अधिकच वाढतें. दुसरा प्रकार आमच्या काळ्या जमिनीस विशेष लागू आहे. ही जमीन वाळतांना आक्रसते, मूळही आक्रसतें, आणि दोहोंमध्यें पोकळी पडते. त्या पोकळीवर बुरशीचे धागे साकवासारखे पसरलेले असतात व मातीचा संबंध तुटूं देत नाहींत. धाग्यांतून प्रत्यक्ष पाणी येतें कीं काय, हा वाद पुष्कळ वर्षें चालला होता. २०२२ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं रानटी ओटाच्या रोपांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत पाणी व मूळ यांच्यामध्यें हवेची अशी फट ठेविली होती कीं ती मुळास ओलांडतां येऊं नये, परंतु बुरशीच्या धाग्यास यावी. खूण केलेलें पाणी त्या फटींतून रोपांत पोंचलें, आणि रोपांनीं बाहेर टाकलेल्या बाष्पापैकीं सुमारें एकतृतीयांश पाणी या मार्गानें आलेलें आढळलें. हा प्रयोग भांड्यांतील आहे, शेतांतील नव्हे. तरी धाग्यांतून पाणी वाहतें ही गोष्ट त्यानें ठरली.

तिसरा प्रकार पानांत दिसतो. मूळबुरशी असलेल्या पिकाच्या पानांवरील श्वासरंध्रें जमीन वाळूं लागल्यावरही पुष्कळदां अधिक वेळ उघडीं राहतात, वाढ अधिक दिवस चालते, आणि पाऊस परत आल्यावर पीक लवकर सांवरतें. चौथा प्रकार मातीच्या घडणीचा. हे धागे मातीचे कण एकत्र बांधून त्यांच्या गुठळ्या करितात. १९९६ सालीं अमेरिकेंतील सारा राइट व त्यांचे सहकारी यांनीं या कामीं येणाऱ्या एका चिकट द्रव्याचें वर्णन करून त्यास ‘ग्लोमॅलिन’ असें म्हटलें. गुठळीदार माती पावसाचें पाणी पिते. भुगा झालेली माती तेंच पाणी धुऱ्यावरून घालवून देते.

वैरणीचीं कोणतीं पिकें या भागीदारींत आहेत?

ज्वारी अथवा कडवळ, मका, बाजरी, हत्तीगवत, मारवेल, पवन्या, लसूणघास, बरसीम, चवळी, या सर्वांच्या मुळांत मूळबुरशी राहते. अमेरिकेंतील कॅन्ससच्या कुरणांवरील गवतें घेऊन झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, उन्हाळ्याच्या उबेंत वाढणारीं उंच गवतें मूळबुरशीवांचून जवळजवळ खुंटतात. थंडींत वाढणाऱ्या गवतांस मात्र तितकी वाण भासत नाहीं. आमची ज्वारी, मारवेल, पवन्या व कुसळी हीं त्या उंच गवतांच्याच कुळांतील होत. हैदराबादेजवळील पाटनचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेंत बाजरीवर काम झालें. त्यांत एका वाणाच्या मुळांत बुरशी जितकी शिरते तितकी दुसऱ्याच्या शिरत नाहीं, असा फरक १९८५ सालीं नोंदला गेला. म्हणजे वाण निवडतांना हाही एक गुण पाहण्याजोगा आहे.

चवळी व लसूणघास यांच्या मुळांत गांठींतील जीवाणू हा दुसरा भागीदार असतो. गांठींस नत्र पकडण्याच्या कामीं स्फुरद फार लागतें, आणि तें मूळबुरशी आणून देते. असे दोन बलुतेदार एकाच घरीं एकमेकांस पूरक होऊन राबतात. ज्वारीच्या बाबतींत आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्वारीचें उपाशी मूळ बुरशीस बोलाविण्यासाठीं मातींत कांहीं द्रव्यें सोडतें, हें २००५ सालीं जपानी संशोधकांच्या शोधानें उमगलें. पण त्याच द्रव्यांचा वास घेऊन टारफुल्याचें बींही उगवतें व ज्वारीच्या मुळास चिकटतें. चांगली बुरशी बसलेलें मूळ अशीं आमंत्रणें कमी धाडतें. हलक्या, उपाशी जमिनींत टारफुला अधिक कां माजतो, याचा कांहीं उलगडा यांत होतो.

मोहरी, कोबी व मुळा हें एक कूळ, आणि पालक, बीट व राजगिरा हें दुसरें कूळ, या भागीदारींत बहुतांशीं सामील होत नाहीं. हीं पिकें घेऊं नयेत असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्या पाठोपाठ ज्वारी-मक्यासारखें पीक घ्यावें, म्हणजे बुरशीचा मोड भरून येतो.

इंदूरचा धडा, आणि त्यांतील कमीजास्त

सातपुड्यापलीकडे इंदूर येथें १९२४ सालीं एक वनस्पति-संशोधन संस्था निघाली. आल्बर्ट हॉवर्ड हे तिचे संचालक होते. तेथेंही आमच्यासारखीच काळी जमीन व कपाशी. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं शेतांतील टाकाऊ वस्तूंपासून खत करण्याची इंदूर पद्धति प्रसिद्ध केली. कपाशीची पऱ्हाटी गाड्यांच्या रस्त्यावर अंथरून चाकांखालीं भरडावयाची, मग ती जनावरांखालीं घालावयाची, आणि शेण, मुताची माती व राख यांसह रचून, वेळोवेळीं खालवर करून, सुमारें तीन महिन्यांत तिचें खत करावयाचें, असा तो क्रम होता. १९४० सालच्या आपल्या ग्रंथांत हॉवर्ड यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, अशा खतानें मुळांतील बुरशी बळावते व हीच जमिनीच्या सुपीकतेची व पिकाच्या आरोग्याची किल्ली होय.

आजच्या ज्ञानाच्या उजेडांत या मताची छाननी करणें उचित आहे. मुळांतील बुरशीचें महत्त्व फारसें कोणी मानीत नव्हतें अशा काळीं तें हॉवर्ड यांनीं ओळखलें, हा त्यांचा मोठेपणा निर्विवाद आहे. तथापि त्यांचा पुरावा मुख्यतः निरीक्षणाचा होता. आणि मूळ ही बुरशी पचवून टाकतें व त्यांतून पोसलें जातें, ही त्यांची कल्पना टिकली नाहीं. इंग्लंडांत बार्बरा मॉस यांनीं सफरचंदाच्या रोपांवर केलेले प्रयोग १९५७ सालीं प्रसिद्ध झाले, आणि तेथून पुढें बुरशी असलेलीं व नसलेलीं रोपें समोरासमोर ठेवून तिचा परिणाम मापतां येऊं लागला. देवघेव जिवंत धाग्यांतून होते आणि तींत स्फुरदाचा वांटा मोठा असतो, असें ठरलें. तसेंच खताच्या ढिगांत ही बुरशी वाढत नाहीं, कारण तेथें जिवंत मूळ नसतें. खतानें माती भुसभुशीत व ओलावा धरणारी होते, त्यायोगें मुळें पसरतात, आणि मुळांबरोबर बुरशी पसरते. खताचा उपकार हा असा आडमार्गानें येतो. तेव्हां पऱ्हाटी जाळूं नये हा इंदूरचा उपदेश आजही खरा; पण उकिरडा भरला म्हणजे मूळबुरशीचें काम झालें, असें समजूं नये.

आपण तिला कसें घालवितों?

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड भागांत आमच्याप्रमाणेंच काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनी आहेत. ओल सांठावी म्हणून तेथील शेतकरी शेत वर्षभराहून अधिक काळ स्वच्छ पड ठेवीत. ओल सांठत असे. तरीही पुढील पीक खुरटें, पिंवळट येई. जे. पी. टॉम्सन यांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, मुळेंच नसल्यामुळें त्या पडित जमिनींतील मूळबुरशी क्षीण होते, आणि नव्या पिकास स्फुरद व जस्त उचलतां येत नाहीं. जमिनींत पाणी होतें, द्रव्येंही होतीं. आणून देणारा मात्र निघून गेला होता. घाटाखालील आमच्या बंधूंनीं हें उदाहरण विशेष मनावर घ्यावें. खारपाणपट्ट्यांत खरीप सोडून जमीन नुसती वखरून ठेवण्याचा प्रघात ज्या शेतांत आहे, तेथें ओल असून मूळ नाहीं अशी स्थिति पावसाळाभर राहते. आमच्या उन्हाळ्यांत कोरड्या ठणठणीत मातींत बुरशी बऱ्याच अंशीं निद्रिस्त पडून राहते; तिची हानि अधिक होते ती ओल आहे पण पीक नाहीं अशा दिवसांत.

दुसरें कारण दरवर्षींची खोल नांगरट. तिनें धाग्यांचें जाळें तुटतें, आणि नव्या रोपास तयार जाळ्यांत शिरण्याऐवजीं सर्व आरंभापासून उभारावें लागतें. तिसरें, स्फुरदयुक्त खताची मातीपरीक्षेवांचून केलेली उधळण. पोट भरलेलें पीक बलुतें बंद करितें. चौथें, बुरशीनाशकें जमिनींत ओतणें. कार्बेन्डॅझिमसारखें औषध शत्रु व मित्र यांत भेद करीत नाहीं. पांचवें, वरची माती धुपून जाणें; कारण बहुतेक मूळबुरशी वरच्या एक-दोन वितींतच असते. तलावांतील गाळ आणून पसरण्याचें काम बुलढाणा जिल्ह्यांत २०१८ पासून मोठ्या प्रमाणांत झालें आहे व तें हलक्या जमिनीस हितकारकही आहे. परंतु वर्षानुवर्षें पाण्याखालीं राहिलेल्या गाळांत ही बुरशी थोडीच असण्याचा संभव असल्यामुळें, गाळ टाकलेल्या शेतांत पहिलें पीक ज्वारी-चवळीसारखें घेणें बरें.

काय करावें?

शेत शक्य तितके दिवस जिवंत मुळांनीं भरलेलें ठेवावें, हें सर्वांत पहिलें. सोयाबीन निघाल्यावर जमिनींत ओल असेल तर हरभरा, रब्बी ज्वारी किंवा थोडें पाणी असल्यास ओटाची वैरण घ्यावी. खरिपांत दहा-वीस गुंठे तरी कडवळ व चवळी मिश्र पेरावीं. धुऱ्यांवरील मारवेल खणून काढूं नये, नसल्यास त्याचे ठोंब लावावे. धुरा हें या बुरशीचें बेण्याचें कोठार आहे. खोल नांगरट दरसालचा विधि न मानतां दोन-तीन वर्षांआड करावी व एरव्हीं वखरणीवर भागवावें. स्फुरद मातीपरीक्षेप्रमाणें द्यावें. तें अजिबात बंद करूं नये, कारण बुरशी स्फुरद उत्पन्न करीत नाहीं, असलेलें आणून देते इतकेंच. चोपण जमिनीस जिप्सम व निचरा हेच उपाय आहेत. त्यांची जागा बुरशी घेऊं शकत नाहीं.

हत्तीगवताचीं बेटें, मारवेलाचे ठोंब किंवा लसूणघासाचा वाफा नव्यानें लावावयाचा असेल, तर घरचें विरजण तयार करितां येतें. फाल्गुन-चैत्रांत, विहिरीवर दोन-चार घागरी पाणी मिळण्याजोगें असल्यास, सुमारें दहा फूट लांब, तीन फूट रुंद व वीतभर खोल असा वाफा करून तळाशीं प्लास्टिकचा कागद अंथरावा. जुन्या धुऱ्यावरील गवताच्या बुडची, बारीक मुळांसकट काढलेली माती जाड वाळूंत मिसळून त्यांत भरावी. वर मका व ज्वारी दाट पेरावी. स्फुरदाचें खत घालूं नये. सुमारें तीन महिन्यांनीं पाणी तोडून दहा दिवस वाळूं द्यावें, वरचा चारा कापून जनावरांस घालावा, आणि मुळें बारीक तोडून त्याच मातींत मिसळावीं. हेंच विरजण. तें सावलींत ठेवून त्याच पावसाळ्यांत वापरावें, आणि ठोंबाच्या किंवा बियाच्या खालीं, मुळास लागेल असें मूठभर घालावें; वर भुरभुरल्यानें उपयोग नाहीं. मर किंवा सूत्रकृमि लागलेल्या शेतांतील, तसेंच वांगी-टोमॅटोच्या वाफ्यांतील माती यासाठीं कदापि घेऊं नये, नाहीं तर मित्राबरोबर चोरही घरांत येईल. एकरोगणती ज्वारीस हें विरजण पुरावयाचें नाहीं. तेथें वर सांगितलेली मशागतच कामाची.

विकतची पुडी घ्यावी काय?

हा प्रश्न हल्लीं गांवोगांव विचारला जातो, कारण विकणारे घरोघर येतात. सरकारच्या खत नियंत्रण आदेशांत मायकोरायझाचा समावेश झालेला असून त्यास प्रमाण ठरवून दिलें आहे. तेव्हां पुडीवर परवाना, तयार केल्याची व मुदतीची तारीख आणि जिवंत बीजाणूंचें प्रमाण छापलेलें पाहावें. परदेशांत बाजारी मालाची परीक्षा झाली असतां, पुष्कळ पुड्यांतील बुरशी मुळांत शिरलीच नाहीं असें आढळलें आहे. ती जिवंत आहे कीं मेलेली, हें पुडी पाहून कळत नाहीं. वैशाखांत पत्र्याच्या दुकानांत तापलेली पुडी तर घेऊंच नये. शिवाय ज्या शेतांत मूळची बुरशी शाबूत आहे तेथें विकतची फारसा फरक पाडीत नाहीं. दीर्घ पड, धुपलेली किंवा गाळानें झांकलेली जमीन, अथवा रोपवाटिका, येथें तिचा उपयोग होण्याचा संभव अधिक.

सबब आमची सूचना अशी कीं, कोणाच्याही शब्दावर विसंबून सबंध शेतावर खर्च करूं नये. एकाच शेतांत, एकाच वाणाचे, सारख्या मशागतीचे सहा पट्टे आंखावे. तिहींत विरजण किंवा पुडी घालावी, तीन तसेच ठेवावे, आणि ते आलटून पालटून असावेत. पावसाचा खंड पडला कीं कोणत्या पट्ट्यांत पानें आधीं सुरळी होतात तो दिवस लिहून ठेवावा, आणि कापणीच्या दिवशीं प्रत्येक पट्ट्यांतील सारख्या मापाच्या जागेवरचा चारा तोलून घ्यावा. मुळांत बुरशी खरोखर शिरली कीं नाहीं हें मुळें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यास कळतें. यासाठीं जिल्ह्यांतील कृषि विज्ञान केंद्रांत, अथवा १९६९ सालीं स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत चौकशी करावी.

ज्या वाचकांनीं असे पट्टे घातले असतील त्यांनीं आपल्या जमिनीची जात, पेरणीची तारीख, पावसाचे खंड व चाऱ्याचीं वजनें आम्हांस अवश्य कळवावीं. फरक दिसला नसेल तरीही कळवावें. कारण पुढील अवर्षणांत कोणीं कशावर पैसा घालूं नये, हेंही शेजारच्या शेतकऱ्यास वेळींच समजणें तितकेंच अगत्याचें आहे.